तबकडीवरील नाव

निजाम सिकंदरजाह यांच्या नावाने 1806 साली नामकरण झालेले सिकंदराबाद हे मूळचे छावणीचे गाव. एका अंगास देवळातील टाळमृदंग आणि दुसऱ्या अंगास लष्करी बँडचा पितळी घोष, असे दोन नाद ऐकत येथील मराठी व कोंकणी कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या. ‘विलायती’ चालीच्या गाण्यास घरची वडीलधारी मंडळी नाक मुरडीत. पण तबकडी फिरू लागली की त्यांचेही पाऊल नकळत ताल धरी. वारशाने आलेल्या अशाच एका तबकडीने आम्हांस ह्या लेखास प्रवृत्त केले. चित्रपट ‘अलबेला’, साल 1951. लता मंगेशकरांसमवेत गायकाचे नाव ‘चितळकर’ आणि संगीतकाराचे ‘सी. रामचंद्र’. लहानपणी आम्ही ही दोन माणसे समजत होतो. वस्तुतः ती एकच.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म 1918 साली नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी अभिजात गायनाचे धडे घेतले. चाल बांधताना सी. रामचंद्र आणि गाताना चितळकर, अशी वाटणी त्यांनी स्वतःच केली. ‘शहनाई’ (1947), ‘पतंगा’ (1949) आणि ‘अलबेला’ ह्या चित्रपटांतील त्यांच्या गाण्यांनी ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि बोंगो यांना आपल्या घराघरांत आणून बसविले. पडद्यावर भगवान पालव नाचत आणि आवाज चितळकरांचा असे. ह्याच गळ्याने पुढे गदिमांचे ‘गीतगोपाल’ गाइले, हे नाक मुरडणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

अमेरिकेत ज्यास ‘रॉक अँड रोल’ म्हणतात, तो प्रकार त्या सुमारास नुकता आकार घेत होता. त्याच 1951 साली मेंफिस येथे मुद्रित झालेल्या ‘रॉकेट 88’ ह्या तबकडीस कित्येक जाणकार त्या प्रकारातील पहिली तबकडी मानतात. तिच्यावर नाव छापले गेले गायक जॅकी ब्रेन्स्टन आणि त्याच्या ‘डेल्टा कॅट्स’चे, वाद्यवृंद मात्र आइक टर्नर याचा होता. म्हणजे ह्या संगीताचा जन्मदाखलाच चुकीच्या नावाने लिहिला गेला!

आपल्याकडे नाव चुकले नाही. ते लिहिलेच गेले नाही. सी. रामचंद्रांच्या वाद्यमेळात गोव्याची मंडळी होती. चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले हे वादक चाल कागदावर उतरवीत आणि वाद्यांचे भाग वाटून देत. त्यांतील हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, अर्थात चिक चॉकलेट, हे सी. रामचंद्रांचे साहाय्यक आणि नामांकित ट्रंपेटवादक. ‘अलबेला’तील एका गाण्यात त्यांचा वाद्यवृंद प्रत्यक्ष पडद्यावर दिसतो. पुढे 1957 साली ‘आशा’ चित्रपटात ‘ईना मीना डीका’ आले. किशोरकुमार आणि आशा भोसले यांनी वेगवेगळे गाइलेले हे गीत हिंदी चित्रपटातील आरंभीच्या रॉक अँड रोल गीतांत गणले जाते. त्यात ‘मला नको’ ह्या अर्थाचे दोन कोंकणी शब्द आहेत. ते साहाय्यक जॉन गोम्स यांनी सुचविले, असे सांगतात. देशभर मुले ते गात राहिली. ती आपल्या शेजारघरची भाषा आहे हे कितीजणांस ठाऊक होते?

आम्ही पडलो वकील. तेव्हा कायद्याकडे वळणे ओघानेच आले. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने संगीतकारास व कवीस हक्क दिला. गाणाऱ्या-वाजविणाऱ्यास मात्र स्वतंत्र हक्क दिला नव्हता. तो मिळाला 1994 च्या दुरुस्तीने. आणि आपल्या कलेशी आपले नाव जोडले जावे असे म्हणण्याचा अधिकार 2012 च्या दुरुस्तीने. तथापि त्याच दुरुस्तीत एक मेख आहे. चित्रपटातील ज्याची कामगिरी प्रासंगिक असेल आणि धंद्याच्या रूढीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत घातले जात नसेल, त्यास, एक अपवाद वगळता, ‘कलावंत’ समजू नये, असे कायदा म्हणतो. म्हणजे नाव न देण्याची रूढी हीच नाव नाकारण्याचा आधार ठरू शकते. रूढीस एवढे बळ देणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

चिक चॉकलेट 1967 साली गेले, सी. रामचंद्र 1982 साली. कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क साठ वर्षे टिकतो. त्या हिशेबाने ‘अलबेला’च्या तबकड्यांवरील हक्क 2011 अखेर आणि ‘आशा’च्या तबकड्यांवरील 2017 अखेर संपला. धनको आणि ऋणको दोघेही गेले. ऋण मात्र राहिले, आणि ते आता कोणत्याही न्यायालयात मागता येणार नाही. ते फेडावयाचे ते स्मरणानेच.

पण दोष केवळ चित्रपटधंद्यास देऊन आपली सुटका नाही. आपल्या देवळांच्या फरशीवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात. रात्रभर पेटी धरणाऱ्याचे, मृदंग वाजविणाऱ्याचे नाव कोठे असते? उत्सवाच्या जमाखर्चात ‘भजनी मंडळ, बिदागी’ एवढीच नोंद सापडते. चितळकरांजवळ दोन नावे होती आणि दोन्ही छापली गेली. त्यांच्या मागे बसलेल्यांना एकही मिळाले नाही. येत्या उत्सवात जमाखर्चाच्या वहीत, बिदागीच्या आकड्याशेजारी, वाजविणाऱ्याचे पूर्ण नाव व गाव लिहावे, एवढीच आमची विनंती. त्यास शाईचा एक थेंब अधिक लागेल.