बार उडाला की उडवला? : आज्ञापत्रातील दारूखान्याच्या निमित्ताने

बंदुकीच्या अपघाताची बातमी मराठीत एका ठराविक क्रियापदाने लिहिली जाते. ‘बंदूक साफ करताना गोळी सुटली’, ‘शिकारीला गेले असता बार उडाला’. सुटणे आणि उडणे ही दोन्ही क्रियापदे अकर्मक आहेत. वाक्यात कर्ता आहे, पण तो गोळी किंवा बार. माणूस तिथे नाही. ‘गोळी सोडली’, ‘बार उडवला’ असे म्हटले की लगेच कुणी, असा प्रश्न उभा राहतो. अपघाताच्या भाषेत तो प्रश्न उद्भवतच नाही. गोळीला जणू स्वतःची इच्छा असते आणि ती वेळ साधून बाहेर पडते.

ही केवळ व्याकरणाची गंमत नव्हे. भाषेने ज्याला कर्ता दिला नाही, त्याची जबाबदारीही कुणावर येत नाही, आणि जबाबदारी नसली की सवय बदलण्याचे कारण उरत नाही. याच मातीत तीनशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या गद्याने मात्र हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला होता. ते गद्य आपल्या अभ्यासक्रमात असते, पण हा भाग सहसा शिकवला जात नाही.

रायगड जिल्ह्याचा (१९८१ पर्यंतचा कुलाबा) किनारा हा दारूगोळ्याचा किनारा आहे. चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज, राजपुरीच्या खाडीत जंजिऱ्याचे सिद्दी, अलिबागला कुलाब्याच्या दुर्गात आंग्रे. १६७१ च्या होळीला सिद्दींनी दंडाराजपुरीवर रात्री छापा घातला. किल्ल्यातील लोक सणात गुंग होते. त्या धुमश्चक्रीत दारूच्या कोठाराचा स्फोट झाला आणि किल्ल्याच्या अधिकाऱ्यासह अनेक माणसे मेली; त्यांत हल्लेखोरही होते. त्याच वेळी रायगडावर शिवाजीराजे झोपेतून जागे झाले आणि दंडाराजपुरीवर काही संकट आले असे म्हणाले, अशी कथा पुढे खाफीखानाने नोंदवली. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट शिल्लक राहते : दारूचे कोठार पेटले की ते आपला आणि परका असा भेद करीत नाही. या काळातल्या माणसांना हे पुस्तकातून शिकावे लागत नव्हते.

शिवाजीराजांचे चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना लिहिलेले राज्याभिषेकाच्या सुमाराचे पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नये, या आशयासाठी ते नेहमी उल्लेखिले जाते. पण त्याच पत्राचा मोठा भाग आगीविषयी आहे. कुणी जागा न पाहता चूल पेटवील, कुणी गवताजवळ चिलीम ओढील, वारा सुटेल, एक खण पेटला की सगळे पेटतील. रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल. मग कितीही जणांच्या माना मारल्या तरी जळालेला एक खणही परत मिळणार नाही, असे ते सुनावतात. उंदराच्या तोंडातली वात हे मराठी गद्यातले एक विलक्षण चित्र आहे. ज्याला आपण दैव म्हणू, त्याच्यामागे आदल्या रात्री न विझवलेला दिवा आहे, हे ते चित्र दाखवते. शिक्षेपेक्षा आधीची सवय महत्त्वाची, हा या पत्राचा खरा विचार आहे.

या विचाराला नियमाचे रूप मिळाले ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १७१५-१६ च्या सुमारास. आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, हा त्यातला भाग सर्वांना ठाऊक असतो. दुर्गप्रकरणातला दारूखान्याचा परिच्छेद तितका वाचला जात नाही. त्याचा आशय असा : दारूखाना घरांना लागून किंवा घरांवरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेत नसावा. सदरेपासून अंतर राखून तो बांधावा, भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे. तळघर गच्ची करून पक्के करावे, आत माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत. बाण आणि होके वेगळ्या जागी, मधल्या घरात असावेत. ओल लागू देऊ नये. आठा-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन हे सामान बाहेर काढावे, ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे. पाहरेकऱ्यांनी रात्रंदिवस जागे राहावे आणि परवानगीवाचून कुणालाही जवळ फिरकू देऊ नये.

हा परिच्छेद विध्यर्थाने चालतो : बांधावा, ठेवावे, जावे, न द्यावे. आज्ञा ज्याला आहे तो किल्ल्याचा कारभारी तर गृहीतच आहे. शिवाय जिथे चूक होण्याची शक्यता जास्त, तिथे माणसाचा हुद्दा सांगितला आहे. ऊन देणारा हवालदार, जागणारे पाहरेकरी. ‘दारू पेटली’ या अकर्तृक वाक्याला दिलेले हे उत्तर आहे. ती पेटू नये म्हणून कुणी, किती दिवसांनी, काय करायचे, हे आधीच लिहून ठेवले आहे. अंतर, कोरडेपणा, वेगळी साठवण, कुलूप-मोहोर आणि ठरलेल्या मुदतीने तपासणी ही पाच तत्त्वे आजच्या कुठल्याही शस्त्रागाराच्या नियमावलीत सापडतील. अंतराची किंमत पुढे आंग्र्यांनीच मोजली. १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली इंग्रजांच्या माऱ्याने एक जहाज पेटले आणि जवळजवळ बांधलेले तुळाजी आंग्र्याचे आरमार एकापाठोपाठ एक जळून गेले.

हातातल्या बंदुकीचे शास्त्र याच शतकांत जगात इतरत्रही घडत होते. तोड्याच्या बंदुकीत जळती जामगी आणि उघडी दारू एकाच माणसाच्या दोन हातांत असत. नेदरलँड्समध्ये १६०७ साली याकोब द गेन याने कवायतीचे पुस्तक काढले. त्यात बंदूक आणि भाला हाताळण्याच्या एकेका हालचालीचे मिळून ११७ चित्रफलक आहेत. दारू भरताना जामगी दूर कशी धरायची हे हाताला इतके वळण पडेपर्यंत शिकवायचे, की गोंधळातही हात चुकू नये. विसाव्या शतकात अमेरिकेत जेफ कूपर याने हीच गोष्ट चार नियमांत आणली : प्रत्येक बंदूक भरलेलीच समजावी, जे नष्ट करायचे नाही त्यावर नळीचे तोंड रोखू नये, नेम धरल्याशिवाय बोट चापावर नेऊ नये, लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करावी. पुन्हा विध्यर्थच.

कोकणात हा इतिहास संपलेला नाही. शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका आजही आहेत. रानडुक्कर समजून सोबत्यावरच बार टाकल्याच्या बातम्या इथल्या वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. ठासणीच्या बंदुकीचा धोका तिच्या रचनेतच आहे. काडतुसाच्या बंदुकीतून काडतूस काढून घेता येते. नळीच्या तोंडातून गजाने ठासलेला बार तसा सहज काढता येत नाही. त्यामुळे जनावर न मिळाल्यास भरलेली बंदूक तशीच घरी येते आणि भिंतीला लागते. वरची टोपी काढली की ती रिकामी झाली, असे समजले जाते. आत दारू आणि छर्रे तसेच असतात. मग दुसऱ्या दिवशी ती पुसताना ‘गोळी सुटते’. अंधारात, हाकाऱ्यांच्या आवाजात, झुडूप हलले म्हणून चाप ओढला की ‘बार उडतो’. पहिल्या घटनेत कूपरचा पहिला नियम मोडलेला असतो, दुसरीत चौथा. दैवाचा भाग दोन्हींत फार थोडा.

कायद्याने अलीकडे हा कर्ता शोधायला सुरुवात केली आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्याच्या प्रक्रियेत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाला स्थान दिले. २०१९ च्या दुरुस्तीने निष्काळजीपणे किंवा जल्लोषात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरवला. पण शिक्षा घटनेनंतर येते, आणि तिने गेलेला माणूस परत येत नाही. चिपळूणच्या पत्राने सांगितले ते हेच.

आज्ञापत्र आपण राजनीतीचा ग्रंथ म्हणून शिकवतो आणि राजा, प्रधान, साहुकार, वतनदार या प्रकरणांवर प्रश्न काढतो. दारूखान्याचा परिच्छेद रूक्ष तपशील म्हणून सुटून जातो. तो वर्गात मोठ्याने वाचावा, आणि त्यातल्या प्रत्येक विध्यर्थी क्रियापदाचा कर्ता विद्यार्थ्यांना शोधायला सांगावा. त्यानंतर एखादी अपघाताची बातमी घेऊन तिच्यातल्या ‘सुटली’चा कर्ता विचारावा. कोकणातल्या महाविद्यालयांत असे विद्यार्थी असतात, की ज्यांच्या घरी ठासणीची बंदूक भिंतीला टांगलेली आहे. ती आत्ता भरलेली आहे की रिकामी, हे त्यांनी संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले, तरी त्या तासाचे काम झाले.