किन्शासा की मनिला?

महंमद अलीच्या कारकिर्दीचा निर्णायक विजय कोणता, असे विचारले की बहुतेकांच्या तोंडी पहिले नाव येते ते किन्शासाचे. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी झाईरच्या या राजधानीत ३२ वर्षांचा अली जॉर्ज फोरमनपुढे उभा राहिला. फोरमन २५ वर्षांचा, ४० लढतींत अपराजित. अलीला हरवणाऱ्या जो फ्रेझिअर आणि केन नॉर्टन या दोघांनाही त्याने दुसऱ्याच फेरीत संपवलेले. अली दोरांना टेकून मार सोसत राहिला, फोरमन दमला आणि आठव्या फेरीत कोसळला.

ही निवड मला मुष्टियुद्धाइतकीच वाङ्मयीन वाटते. नॉर्मन मेलर तिथे हजर होता आणि पुढच्याच वर्षी त्याचे ‘द फाइट’ आले. १९९६च्या ‘व्हेन वी वेअर किंग्ज’ या माहितीपटाने त्यावर कळस चढवला. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जाण्यास नकार दिल्याने १९६७ साली हिरावलेले जगज्जेतेपद, बलदंड प्रतिस्पर्धी, युक्तीने मिळवलेला जय : कथेला आणखी काय हवे? १९६४च्या मायामीचा पक्ष घेणारेही आहेत. पण सॉनी लिस्टनला हरवणारा तो तरुण अजून कॅशियस क्ले होता.

माझे मत मनिलाकडे झुकते. प्रतिस्पर्ध्याचे बळ मोजायचे तर किन्शासाचा विजय मोठा, हे मान्यच. १९७५चा फ्रेझिअर उतरणीला लागला होता. तरीही १ ऑक्टोबरच्या त्या सकाळी (अमेरिकी प्रेक्षकांच्या सोयीसाठी लढत सकाळी ठेवलेली) असह्य उकाड्यात दोघांनी चौदा फेऱ्या एकमेकांना जे सोसायला लावले, त्याला तोड नाही. आरंभी अली वरचढ होता. मधल्या फेऱ्यांत फ्रेझिअरने त्याच्या बरगड्या झोडपल्या. अखेरीस अलीच्या सरळ ठोशांनी फ्रेझिअरचा उजवा डोळा मिटला. डाव्याची दृष्टी आधीच अधू होती. पंधराव्या फेरीपूर्वी प्रशिक्षक एडी फच यांनी त्याचा विरोध न जुमानता लढत थांबवली. तो क्षण मरणाच्या अगदी जवळचा होता, असे पुढे अलीनेच सांगितले.

शिवाय किन्शासाच्या कथेत अली निष्कलंक राहतो, मनिलात राहत नाही. लढतीआधी त्याने फ्रेझिअरला ‘गोरिला’ म्हणून हिणवले, मनिलाशी यमक जुळते म्हणून! एका कृष्णवर्णीयाने दुसऱ्याला. तेही बंदीच्या काळात आपल्याला परवाना मिळावा म्हणून खटपट करणाऱ्या माणसाला. अलीचे धैर्य, क्रौर्य आणि त्याने देहाने मोजलेली किंमत या एकाच विजयात एकत्र दिसतात. त्यानंतरही तो १९८१पर्यंत आणखी दहा लढती लढला. १९८४ साली पार्किन्सनचे निदान झाले.

फ्रेझिअरच्या मनातली अढी मात्र कित्येक दशके टिकली. २००१ साली अलीने एका वृत्तपत्राकडे दिलगिरी व्यक्त केली. फ्रेझिअरचे म्हणणे असे, की ती वृत्तपत्राजवळ मागितलेली माफी होती, त्याच्याजवळ नव्हे.