आग्यावेताळ (वाक्प्रचार)

आग्यावेताळ हा मराठीतील एक जुना शब्द असून तो अत्यंत तापट, अंगावर धावून येणाऱ्या आणि म्हणून धोकादायक वाटणाऱ्या व्यक्तीसाठी वापरला जातो. ‘आग्यावेताळ असणे’ म्हणजे स्वभावाने तसे असणे, तर ‘आग्यावेताळ होणे’ म्हणजे रागाने बेभान होणे.

व्युत्पत्ती

‘आग्या’ हे ‘आग’ या नामापासून झालेले विशेषण आहे. आग्यामोहोळ या शब्दातही ते आढळते. आग्या माश्या (एपिस डॉर्सेटा) उंच झाडांवर व कड्यांवर एकच मोठे, उघडे पोळे बांधतात. धूर किंवा धक्का लागताच त्या थव्याने हल्ला करतात. डंखाबरोबर पसरणाऱ्या गंधामुळे इतर माश्याही चवताळतात.

लोकसमजूत

वेताळ हा भुतांचा अधिपती मानला जातो. अमावास्येच्या रात्री त्याची पालखी मशालींच्या उजेडात निघते, अशी समजूत आहे. त्याच्या ज्वाला ओकणाऱ्या रूपास आग्यावेताळ म्हणतात. मात्र कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदारही आहे. गोव्यातील आमोणे व लोलये येथे त्याची ‘बेताळ’ या नावाने पूजा होते. पुण्यातील वेताळ टेकडीचे नावही याच दैवतावरून पडले. ‘वेताळपंचविशी’तील वेताळ तर न्यायाची कोडी घालणारा चतुर कथेकरी आहे. वाक्प्रचारात या दैवताचे केवळ उग्र रूप उरले आहे.

अर्थच्छटा

आग्यावेताळाचा राग उघड असतो. त्यात कपट गृहीत धरलेले नसते. जवळ राहून घात करणाऱ्यास ‘अस्तनीतला निखारा’ म्हणतात. दोन्ही शब्दप्रयोगांत आगच आहे. पण एक दुरून दिसते, तर दुसरी झाकलेली असते. त्यामुळे केवळ रागीट माणसास ‘अस्तनीतला निखारा’ म्हणणे चुकीचे ठरते. ‘जमदग्नी’ व ‘दुर्वास’ हे पुराणातील ऋषींवरून आलेले शब्द शीघ्रकोप दर्शवतात, तर ‘कर्दनकाळ’ या शब्दात संहाराचा अर्थ आहे.

इंग्रजीतील समांतर प्रयोग

इंग्रजीत भांडखोर वा धोकादायक माणसास ‘अग्ली कस्टमर’ म्हणण्याचा जुना प्रघात आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘कुरूप गिऱ्हाईक’ असा होतो. येथे ‘गिऱ्हाईक’ म्हणजे ज्याच्याशी गाठ पडते असा इसम. मराठीत मात्र ‘एखाद्याचे गिऱ्हाईक करणे’ म्हणजे त्याची टर उडवणे. त्यामुळे या प्रयोगाचे शब्दशः भाषांतर दिशाभूल करते. संदर्भानुसार ‘आग्यावेताळ’ हा त्याला जवळचा पर्याय ठरतो.