मूकपटातला राजा आणि परस्त्री

मराठी ऐतिहासिक मूकपटाने निषिद्ध अभिलाषा बहुधा खलनायकाच्या पदरात टाकली आणि राजाच्या वाट्याला नकार दिला. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सिंहगड’ (१९२३) हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरचा. त्यात बाबूराव पेंटरांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला, याचे कौतुक नेहमी होते. पण या कथेत सती निघालेल्या कमलकुमारीला किल्लेदार उदयभानू पळवून नेतो आणि किल्ल्याची लढाई एका बाईच्या अब्रूचीही होते, याकडे कमी लक्ष जाते. पुढच्याच वर्षीच्या ‘कल्याण खजिन्या’त लुटीबरोबर आलेल्या सुभेदाराच्या सुनेला शिवाजी महाराज सन्मानाने परत पाठवतात. या प्रसंगाच्या खरेपणाबद्दल इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत. पडद्याला त्याचे सोयरसुतक नव्हते. मूकपटात मनातली घालमेल सांगायची तर मजकुराच्या पाट्यांवर पाट्या लागतात. नकाराला खाली वळलेली नजर आणि दारात आणलेली पालखी पुरते.

कोणी म्हणेल, हा सगळा सेन्सॉरचा धाक. मला ते पटत नाही. सरकारला खुपत होते ते राजकारण: प्रभात कंपनीला १९३० साली ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव सोडून ‘उदयकाल’ म्हणावे लागले. उलट हिमांशु रॉय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांच्या ‘प्रपंच पाश’मध्ये (१९२९) आश्रमकन्येवर भाळलेला राजा जुगारात राज्य घालवतो, आणि त्यात चुंबनही आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: १९२५ साली मुंबईत ‘बाजीराव मस्तानी’ निघालाच होता, तोही नानूभाई देसाईंबरोबर भालजी पेंढारकरांच्या दिग्दर्शनात. खरे आहे. पण तो शारदा कंपनीचा, म्हणजे वेगळ्या बाजारासाठी काढलेला. कोल्हापूरचा प्रेक्षक कादंबरी, नाटक, पोवाडा यांतून कथा आधीच जाणत होता आणि पाटी वाचता न येणाऱ्यालाही पुढचे ठाऊक असे. मुक्या चित्राला ही ओळख फार उपयोगी.

ज्या कथेला अशी मराठी छापील परंपरा नव्हती, ती मात्र मागे पडली. चंदेल घराण्यातून गोंड राजघराण्यात आलेली, पतीमागे राज्य सांभाळणारी आणि १५६४ साली अकबराच्या फौजेशी लढताना गेलेली राणी दुर्गावती पडद्याला किती सोयीची होती! पेंटरांचा कॅमेरा तिकडे वळला नाही. गोंडांचा मुलूखच तिथे अनोळखी होता: प्रतापगड म्हटले की कोल्हापुरात अफझलखान आठवे. अर्जुनी मोरगावजवळचा, गोंडांच्या मुलखातला प्रतापगड कोणाच्या ध्यानीमनीही नसे.