उतारावरची वीज

रायपूरलगतच्या सिलतरा आणि उरला या औद्योगिक पट्ट्यांत स्पंज आयर्नच्या भट्ट्या रात्रंदिवस फिरतात. भट्टीतून बाहेर पडणारा तप्त वायू धुराड्यात न सोडता बॉयलरकडे वळवायचा, त्याच्या वाफेवर जनित्र चालवायचे आणि कारखान्याची वीज भागवायची, ही रीत इथे रुळलेली आहे. त्यामुळे वाया जाणारी ऊर्जा परत कामाला लावण्याचे महत्त्व या शहराला नव्याने सांगायला नको. ज्या यंत्राच्या नावातच ही परतफेड आहे, त्या ‘एनर्जी रिकव्हरी लिनॅक’चा, म्हणजे ऊर्जा परत घेणाऱ्या सरळरेषी त्वरकाचा इतिहास मात्र सहसा एका शोधनिबंधापासून सुरू होतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ मॉरी टिग्नर यांनी १९६५ साली तो लिहिला. निबंधाचे मोल मोठेच, पण इतिहास तिथून सुरू केला की कल्पना हीच अवघड गोष्ट होती असा समज होतो. माझ्या मते कल्पना तुलनेने सोपी होती. खरी वाट पाहावी लागली ती धातूच्या कारागिरीची.

कल्पना किती सोपी होती याचा पुरावा बोरघाटात सापडतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२८पासून घाटमार्गासाठी जी विजेची मालइंजिने आणली, त्यांना लोक ‘खेकडा’ म्हणत. घाट उतरताना या इंजिनाच्या मोटारी जनित्राचे काम करत, गाडीला आवर घालत आणि वीज वरच्या तारेत परत सोडत. त्याच वेळी दुसरी गाडी घाट चढत असेल, तर ती वीज तिच्या उपयोगी पडे. टिग्नर यांच्या कल्पनेवर चालणाऱ्या यंत्रात गाड्यांच्या जागी इलेक्ट्रॉनांचे पुंजके आहेत. पुंजका धातूच्या पोकळ्यांच्या माळेतून जाताना तिथल्या लहरत्या विद्युतक्षेत्राकडून वेग घेतो. त्याच्याकडून प्रकाश किंवा क्ष-किरण मिळवून झाले की त्याला वळवून पुन्हा त्याच पोकळ्यांत आणायचे, पण अर्ध्या लहरीच्या अंतराने. आता क्षेत्राची दिशा उलटलेली असते. पुंजका मंदावतो, आपली ऊर्जा पोकळीला देतो आणि मागून येणारा ताजा पुंजका ती उचलतो. चढणारी आणि उतरणारी गाडी एकाच वेळी घाटात असावी, तसेच हे.

मग १९६५ची कल्पना पूर्ण ताकदीने दिसायला १९९९ का उजाडावे लागले? त्या वर्षी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातील जेफरसन लॅबच्या यंत्राने ऊर्जा परत घेत किलोवॅटहून अधिक शक्तीचा अवरक्त लेसर चालवून दाखवला. विलंबाचे उत्तर पोकळीच्या भिंतीत आहे. तांब्याच्या भिंतीत लहरीची शक्ती उष्णता होऊन मुरते. यंत्र अखंड चालवायचे तर पुंजक्यांनी परत केलेल्यापेक्षा जास्त भिंतच खाऊन टाकते. नायोबियम धातू ९.२ केल्विनखाली अतिवाहक होतो आणि हा तोटा कित्येक पटींनी घटतो. पण त्यासाठी पत्रा दाबून अर्ध्या वाट्या करायच्या, त्या निर्दोष जोडायच्या, आतला पृष्ठभाग आरशासारखा घासायचा, धुळीचा कणही राहू द्यायचा नाही आणि सगळे सुमारे उणे २७१ अंश सेल्सिअसवर ठेवायचे. यावर रशियातल्या नोवोसिबिर्स्कचा दाखला देता येईल. तिथे २००३पासून तांब्याच्या पोकळ्यांवरही असे यंत्र चालले आहे. दाखला खरा आहे, पण ते यंत्र कमी वारंवारितेचे आणि जेमतेम १२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे होते. तांब्याची मर्यादा त्यातूनच कळते.

मराठी वाचकाला या वाटेवरचे जवळचे गाव म्हणजे इंदूर. २०००च्या नोव्हेंबरपर्यंत रायपूर आणि इंदूर एकाच मध्य प्रदेशात होते. सागरचे मराठी लेसरतज्ज्ञ दिलीप देविदास भवाळकर यांच्या नेतृत्वाखाली इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात १९९९ साली ‘इंडस-१’ हे साठवण-वलय प्रकाशले. २००५ साली ‘इंडस-२’ आले, त्याचा परीघ सुमारे १७२ मीटर. कोणी म्हणेल, वलयात तेच इलेक्ट्रॉन तासन्‌तास फिरतात, मग ऊर्जा परत घेण्याचा खटाटोप कशाला? कारण दर फेरीला प्रकाश टाकताना इलेक्ट्रॉनांना बारीक धक्के बसतात आणि झोत पसरतो. ऊर्जा परत घेणाऱ्या यंत्रात पुंजका एकदाच कामी येतो, म्हणून झोताची बारीकी इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या बंदुकीतून निघताना जितकी साधली तितकी बरीचशी टिकते. ताजा पुंजका दरवेळी वापरायचा आणि ऊर्जा मात्र फेकायची नाही, ही यातली मेख आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या अशा यंत्राच्या आराखड्यात ५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअरचा झोत होता, म्हणजे ५०० मेगावॅट. कोरब्याच्या औष्णिक केंद्रातला एक मोठा संच एवढाच असतो. पोकळ्या थंड ठेवणाऱ्या हेलियमच्या शीतयंत्रांना वीज भरपूर लागते हा आक्षेप रास्त आहे, पण या आकड्यापुढे तो खर्च लहान ठरतो.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. स्वीडनमधल्या लुंड आणि फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या नव्या वलयांनी चुंबकांच्या कुशल मांडणीतून झोत इतका बारीक केला की क्ष-किरणांसाठी ऊर्जा परत घेणाऱ्या यंत्राची निकड ओसरली. कॉर्नेलचे मोठे यंत्र झालेच नाही. २०१९च्या अखेरीस तिथे चार वेळा वेग देऊन चार वेळा ऊर्जा परत घेणारे १५० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे प्रायोगिक यंत्र तेवढे यशस्वी झाले. हे मान्य करूनही माझा मुद्दा ढळत नाही, उलट पक्का होतो. यंत्रांचे आराखडे येतात आणि मागे पडतात. नायोबियम जोडण्याचे कसब मात्र पुढच्या यंत्राला लागतेच. इंदूरच्या केंद्राने नायोबियमच्या पोकळ्या लेसरने जोडण्याची पद्धत घडवली आणि अमेरिकेतल्या फर्मीलॅबबरोबर पोकळ्यांचे काम केले. ते कोणत्या एका यंत्रापुरते नाही. भारतात आज ऊर्जा परत घेणारा त्वरक नाही, पण त्याचा सर्वांत कठीण भाग इथल्या कार्यशाळांत शिकून झाला आहे. सिलतऱ्याच्या भट्टीवाल्याला हे चटकन पटेल. उष्णता वाया जाते हे कुणालाही दिसते. ती पकडणारा बॉयलर कोणाला बांधता येतो, हाच धंद्यातला प्रश्न असतो.