थोरवीची सोयरीक: ‘मेगालेइओतेस’ या शब्दाची कुळकथा

प्राचीन ग्रीक भाषेत प्रताप, ऐश्वर्य आणि दैवी थोरवी या अर्थांनी येणारा ‘मेगालेइओतेस’ हा भारदस्त शब्द ‘मेगास’, म्हणजे ‘मोठा’, या रोजच्या विशेषणापासून घडला आहे. या विशेषणाची ‘मेगास’ व ‘मेगा’ ही रूपे आखूड असली, तरी स्त्रीलिंगी ‘मेगाले’मध्ये आणि बहुतेक विभक्तिरूपांत ‘मेगाल्’ हे लांब अंग दिसते. त्याच अंगापासून ‘मेगालेइओस’, म्हणजे ‘भव्य’, हे दुसरे विशेषण झाले आणि त्याला भाववाचक नाम घडवणारा ‘-तेस’ हा प्रत्यय लागून हे स्त्रीलिंगी नाम सिद्ध झाले. प्रत्ययाचे मूळ अंग ‘-तेत्’ असल्यामुळे षष्ठीत ‘मेगालेइओतेतोस’ आणि चतुर्थीत ‘मेगालेइओतेती’ अशी रूपे होतात.

बायबलच्या नव्या करारात हा शब्द तीनच ठिकाणी येतो. लूकच्या शुभवर्तमानात आजारी मुलगा बरा झालेला पाहून लोक देवाच्या थोरवीने थक्क होतात. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात ख्रिस्ताचे ऐश्वर्य प्रत्यक्ष पाहिल्याची साक्ष आहे. आणि प्रेषितांच्या कृत्यांत इफिस येथील एक सोनार आर्टेमिस देवीचे माहात्म्य लयाला जाईल, अशी भीती बोलून दाखवतो, तेव्हा जमाव ‘मेगाले’, म्हणजे ‘थोर आहे’, असा तिचा जयघोष करतो. मूळ विशेषण आणि त्यापासून घडलेले नाम असे एकाच प्रसंगात भेटतात. ‘मेगाल्’ याच अंगाला ‘-सुने’ प्रत्यय लागून झालेला ‘मेगालोसुने’ हा भावंड-शब्द इब्री लोकांस पत्रात थेट देवाच्या नावाऐवजी योजला आहे.

या कुळाची एक शाखा मराठीच्या घरातही आहे. ग्रीक ‘एगो’ व संस्कृत ‘अहम्’, किंवा ‘थुगातेर’ व ‘दुहितृ’ या जोड्यांत ‘ग’च्या जागी ‘ह’ आढळतो, त्याच नियमाने ‘मेगास’चा आप्त ‘महत्’ ठरतो. ‘-तेत्’ या अंगाचा सोयराही वैदिक ‘सर्वताति’सारख्या शब्दांत सापडतो. ‘महत्’च्याच कुळातला ‘महिमन्’, म्हणजे मराठीतील ‘महिमा’, अष्टसिद्धींच्या यादीत हवे तेवढे मोठे होण्याचे सामर्थ्य दाखवतो, तर भक्तीच्या भाषेत नामाची आणि क्षेत्राची थोरवी सांगतो. आकाराच्या मोठेपणापासून पूज्यतेपर्यंतची जी वाट ग्रीक शब्दाने चालली, तीच ‘महिमा’नेही स्वतंत्रपणे चालली, आणि दोघांनी बरोबर नेलेली शिदोरी एकाच धातूची होती.