नाण्यावरचा सूर्य आणि सावित्रीचा काठ

पोलादपूरकडून महाडला उतरणाऱ्या नदीचे नाव सावित्री. नावातच सविता आहे. महाडजवळ तिच्या काठी गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत ‘पालैपत्मै’ हे नाव येते, ते रा. गो. भांडारकरांनी या पाल्याशी जोडले. म्हणूनच रोमन नाण्यांवरील सूर्यप्रतिमा अभ्यासताना आम्हांस मोह झाला: ते किरणधारी सम्राट या खाडीपर्यंत आले असतील काय?

कालक्रम हा मोह टिकू देत नाही. भारतात सापडलेली रोमन चांदीची नाणी बहुतांशी ऑगस्टस आणि तिबेरियस यांची, आणि त्यांवर सम्राटाच्या मस्तकी लॉरेलची पाने आहेत. हयात सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट रूढ झाला तो नीरोच्या काळी, इ. स. ६४च्या सुमारास. तोही पितळी नाण्यावर, आणि अर्थ व्यवहारी: हे नाणे दुप्पट किमतीचे. २१५ साली काराकालाने किरणमुकुटाचे नवे चांदीचे नाणे काढले. त्याची किंमत दोन दिनारियस मानली जाते. चांदी मात्र सुमारे दीडाचीच होती! पुढे तीही ओसरत गेली. ऑरेलियनच्या २७४च्या सुधारणेनंतर नाण्यात चांदी उरली जेमतेम विसावा हिस्सा; मागील बाजूस मात्र हात उंचावलेला ‘अजिंक्य सूर्य’ आणि त्याच्या पायाशी बंदिवान.

म्हणजे ही प्रतिमा निव्वळ फसवणूक होती काय? आम्हांस तसे वाटत नाही. ऑरेलियनने त्याच वर्षी रोममध्ये सूर्याचे मंदिर उभारले. भक्ती खरी होती. कॉन्स्टंटाइनने तर ख्रिस्ती धर्माला आश्रय दिल्यावरही ३२५च्या सुमारापर्यंत सूर्याला आपला सोबती म्हणून नाण्यावर ठेवले. प्रतिमा खरी आणि धातू हलका, ही दोन्ही विधाने एकाच नाण्याविषयी करता येतात. काव्यातील प्रतिमा शिकवताना आपण बहुधा पहिल्यापाशीच थांबतो.

रायगड याच महाड तालुक्यातला. १६७४च्या राज्याभिषेकानंतरच्या होनावर आणि शिवराईवर ना मुखवटा, ना देवता. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, भोवती टिंबांचे कडे. महाराजांच्या मुद्रेत उपमा आहे, पण ती प्रतिपदेच्या, अजून वाढायच्या चंद्रकोरीची. आणि ती मुद्रा कागदावर उमटे, नाण्यावर नव्हे. तांब्याची शिवराई एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालत होती, अक्षरे झिजलेली.